दोघींचे चेंडू धरताना

२७ जुलै

अंगठा वांग्यासारखा सुजलाय. सॉफ्टबॉलच्या सरावात आमच्या पिचरचा, रमिलाचा, शेवटचा चेंडू माझ्या मिटमध्ये (कॅचरच्या हातमोज्यात) यायचा तो अंगठ्यावर आला. पोरीच्या हातात जोर आहे, पण चेंडू कुठे जाईल हे तिलाही ठाऊक नसतं आणि देवालाही. एका हाताने भाकरी थापता येत नाही हे आज कळलं. ह्यांनी बाहेरून पाव आणले. वर विचारतात, "तुन्हा वयनी दुसरी कॅचर कोठे शे का?" माझ्या वयाची? असेल कुठेतरी. तिचाही अंगठा सुजलेला असेल.

संध्याकाळी रफिकभाई आले. क्लबचे सेक्रेटरी, पण खरा धंदा गाद्या-रजयांचा. आमच्या मैदानावरचे बेस त्यांनीच कापूस भरून शिवलेले. चहा निम्मा झाल्यावर मुद्द्यावर आले. दोंडाईचाचा महिला संघ आमच्या मंगलला सोडायला तयार आहे. ना-हरकत लगेच देतील. बदल्यात त्यांना रमिला हवी.

"एक दो, एक लो. भाभी, विभागीय अपने गाव में हो रही है. मंगल पिचर रही तो ट्रॉफी घर में."

मंगल म्हणजे ह्यांची बहीण, माझी नणंद. अख्ख्या खानदेशात तिच्यासारखी पिचर झाली नाही. हे मी भावजय म्हणून नाही, कॅचर म्हणून लिहिते.

संघ मीच बांधते, म्हणून शब्द माझा हवा होता. मी म्हटलं, बघू. रफिकभाई म्हणाले, "देखना मत, सोचना." गेले.

२९ जुलै

नागपंचमी. मंगलचा फोन. तिला सगळं माहीत आहे. बहुतेक तिनेच तिकडच्या सरांच्या डोक्यात भरवलं असणार.

"वहिनी, एकडाव आपला गावनं नाव छातीवर घालीसन खेळू दे ना. मंग माले काही नको."

लग्न झाल्यापासून ती दोंडाईचाकडून खेळते. गुडघा बोलायला लागलाय, हे शेवटचंच वर्ष. सासरी एवढ्या वर्षाची परवानगी काढलीय म्हणते. आम्ही कॉलेजच्या संघात होतो तेव्हा ती टाकायची, मी धरायची. एके दिवशी मॅच संपल्यावर म्हणाली, तुला दुसऱ्याच्या घरी जाऊ देणार नाही, आणि खरंच भावाचं स्थळ घेऊन रनाळ्याला माझ्या दारात उभी राहिली. ह्यांना मी नंतर पाहिलं. मंगलला आधी पसंत केलं होतं.

तिला नाही कसं म्हणायचं?

१ ऑगस्ट

सराव अर्धाच. पथारीवर चिखल. ह्यांची मिरची वाळवायची ही जागा पावसाळ्यात मोकळी असते, तेच आमचं मैदान. दिवाळीनंतर मिरची पसरली की आमचा गाशा गुंडाळला.

रमिलाला घरी घेऊन आले. तिच्या वसतिगृहात पाणी शिरलंय. तिच्या गावी, मणिबेलीला, जावं तर शेवटचा टप्पा बोटीचा, आणि अशा पावसात बोटवाला निघत नाही. माय म्हणाल्या, ऱ्हाऊ दे, कानबाई येऊन ऱ्हायनी, हातले हात व्हई. (सासूबाईंना सगळं घर माय म्हणतं, मीही.)

र. दिवसभरात चार वाक्यं बोलली असेल. त्यातलं एक: "मॅडम, अंगठ्याला हळद लावा."

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली, आमच्या कुळाची देवी. चौरंग, केळीचे खांब, नारळाला नथ, लुगडं. मायनी डोळे मिटले की उघडेचनात. दुपारच्या गाडीने मंगल आली. आल्या आल्या र. चा हात हातात घेतला, उलटा करून बोटं पाहिली, जशी बाजारात भेंडी पाहतात. "लांब शेत. चांगलं शे," म्हणाली. र. लाजून मोरीत पळाली.

घर भाऊबंदांनी भरलंय. पाय ठेवायला जागा नाही. गाणी चालू आहेत, मी भांड्यांच्या आडोशाला बसून हे लिहितेय.

४ ऑगस्ट

काय दिवस!

सकाळी कानबाईला नदीवर पोचवून आलो आणि रोटांच्या पंगती बसल्या. रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद. त्याचं पीठ वेगळं दळलेलं, स्वयंपाक वेगळा, आणि खायचा फक्त भाऊबंदांनी. उंबऱ्याबाहेर घास जात नाही. दिलेल्या लेकीलाही नाही, कारण ती आता दुसऱ्या कुळाची. म्हणून मंगल आणि र. साठी मी वेगळ्या डब्यात पोळी-भाजी ठेवली होती. र. ला तसं सांगायचं मात्र राहून गेलं. सकाळपासून कोणी मला श्वास घेऊ दिला असता तर सांगितलं असतं.

बायांच्या पंगतीत ती डोक्यावरून ओढणी घेऊन टोकाला बसली. मायना आता नीट दिसत नाही. त्यांना वाटलं, धाकट्या दिरांची पोर. वाढलं. वर आग्रह करून आणखी वाढलं. पोर मुकाट्याने जेवली, पान चाटूनपुसून स्वच्छ.

चुलतसासूबाईंनी ओळखलं आणि एकच गलका. "परकी पोर रोट खाई गयी!" र. चा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, मला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणत राहिली. मी तिला मागे घेतलं आणि उभी राहिले, होम प्लेटसमोर राहते तशी. काय बोलणार होते मलाच माहीत नाही.

बोलल्या माय. हातात पळी तशीच. "खादं ते खादं. मन्हा हातनं खादं. आते ती पोर आपलीच शे. कोणले काही बोलनं व्हई ते मन्हासंगे बोला."

मायसंगे कोण बोलणार!

नंतर मागच्या दारी मंगल दिसली. ताटातली पोळी तशीच. हसत होती. म्हणाली, "मी दखी ऱ्हायंतू. माय वाढी ऱ्हायंती तवयच दखं. मुद्दाम बोलनू नही." मी विचारलं, पाहिलंस तर सांगितलं का नाहीस? तर हसता हसता रडायलाच लागली. "मी ह्याच घरमा जन्मनू वहिनी, आणि मन्हा ताटमा पोळी. ती कालदिन ऊनी आणि..." मी तिच्या ताटातली अर्धी पोळी खाल्ली. दुसरं काय करणार.

५ ऑगस्ट

मंगल परत गेली. दारात सगळ्यांसमोर म्हणाली, मी वाट दखी ऱ्हायनू. मायनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

११ ऑगस्ट

रफिकभाईंना उत्तर हवंय. म्हणतात, लोक तर बोलणारच. मंगलला घेतली तर नणंद म्हणून घेतली, नाही घेतली तर नणंद म्हणून नाही घेतली. "इसलिए भाभी, दिल बाजूला ठेवा, दिमाग चलाव."

दिमाग चालवला. मंगल आली तर यंदाची ट्रॉफी जवळजवळ आपली. आजवर पहिल्या फेरीच्या पुढे आम्ही गेलो नाही. रमिलाचंही तिकडे वाईट होणार नाही, उलट चांगलंच. पक्कं मैदान, कोरडं वसतिगृह, दोन वेळचं जेवण, सर रोज हजर. इथे काय आहे? चिखल आणि मी.

म्हणजे दिमागसुद्धा मंगलच्याच बाजूला आहे. मग मी एवढी चिडलेय का?

१७ ऑगस्ट

मणिबेलीला जाऊन आले. र. च्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय पोरीची अदलाबदल करायची म्हणजे ती काय शेळी आहे? अक्कलकुव्यापर्यंत बस, मग जीप, मग बोट. बोटीत र. एकदम वेगळी. बोटवाल्याशी त्यांच्या बोलीत भांडली, हसली, पाण्यात हात घालून बसली. एके ठिकाणी बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, इथे खाली आमचं जुनं घर." मी पाण्यात पाहिलं. धरणाचं पाणीच होतं.

आईने भगर आणि उडदाची डाळ वाढली. वडील बोलले ते थोडं मराठीत, थोडं र. ने सांगितलं. दिवाळीनंतर दोघं ऊस तोडायला गुजरातेत जाणार. पोर शिकतेय, खेळतेय, नोकरी लागेल तर लागेल. ती कुठे असावी, विचारलं. मग म्हणाले, "एक डाव गाव हाललं, बाई. पोरीला सारखी सारखी हालवू नका. कुठं बी ठेवा. पण ठेवा."

येताना आईने मोहाची फुलं बांधून दिली. र. उतारावरून मागे वळून पाहत नव्हती. मी पाहत होते.

१९ ऑगस्ट

आज शेवटी र. लाच विचारलं. सगळं सांगितलं, तिकडचं वसतिगृह, जेवण, मैदान. तिने मिटची सुटलेली वादी बांधत ऐकून घेतलं. मला वाटलं म्हणेल, तुम्ही सांगाल तसं. ते म्हणालीच नाही.

म्हणाली, "तिकडे माझे चेंडू कोण धरणार?"

मी म्हटलं, असेल की त्यांची कॅचर.

"ती सोडून देईल. माझे लांब जातात. तुम्ही पडून धरता."

अंगठा आठवला. पाठ आठवली, गुडघे आठवले. आणि वेड्यासारखं रडू आलं, म्हणून तिला पाणी आणायला पिटाळलं.

ठरलं. रमिला कुठेही जाणार नाही.

२० ऑगस्ट

रफिकभाईंना सांगितलं. सुई दातात धरून बसले होते, गादी टाचत. काढली आणि म्हणाले, "ठीक है. हारेंगे." मग थोड्या वेळाने, "बेस नवीन शिवतो. लडकी धावते फार, जुने फाटले."

भला माणूस.

२२ ऑगस्ट

दोंडाईचाला गेले. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. मंगल मेथी निवडत होती. मी सांगितलं, सगळं, र. चं वाक्यसुद्धा. तिने मान वर केली नाही. "बरं व्हयनं," म्हणाली. मेथीच्या काड्या पानांत आणि पानं काड्यांत टाकत होती.

"चहा ले."

घेतला. स्टेशनवर पोचवायला आली नाही. आजवर कधी असं झालं नव्हतं. गाडीत खिडकीची जागा मिळाली आणि बाहेर काही दिसलं नाही.

२४ ऑगस्ट

माय बोलत नाहीत. आज बोलल्या ते हे: "मन्ही पोर एकडाव मांगनी. तू तेबी दिधं नही."

रोटाच्या दिवशी त्यांनीच र. ला आपली म्हटलं हे जिभेवर आलं होतं. गिळलं. आईच्या दुःखात कायदा काढायचा नसतो. दोघी आपल्याच आहेत हीच तर अडचण आहे.

७ सप्टें.

र. दहातले सहा आत टाकते आहे. चार कुठे जातात विचारू नये. आज एक थेट ह्यांच्या चहाच्या कपात. हे म्हणाले, "हाई ट्रॉफी आनी का मन्हं दवाखानानं बिल?"

मंगलचा फोन नाही. मी केला, उचलला नाही. तिला वाढदिवसाचा मेसेज पाठवला, तर उत्तर नुसते जोडलेले हात.

१९ सप्टें.

आज र. ने एक चेंडू टाकला आणि मी जागेवर थिजले. हळू येतो, येतो, आणि बॅटजवळ आला की खाली बसतो. असा चेंडू मी आयुष्यात एकाच माणसाचा धरलाय.

"कोणी शिकवला?"

र. खाली बघायला लागली. मग कळलं. रोज सराव संपला की मंगल तिला व्हिडिओ कॉल करते. बोटं कशी धर, मनगट कधी सोड. महिना झाला! बाई माझ्याशी बोलत नाही, माझ्या पिचरशी बोलते. विरुद्ध संघाच्या पिचरला स्वतःचा हुकमी चेंडू देते. हिला शहाणी म्हणावं की येडी?

"मॅडम, मंगलताई म्हणाल्या, तुम्हाला सांगू नको."

मी म्हटलं, मग नको सांगूस. टाक परत.

परत टाकला. धरला. मिट थोडा वेळ तसाच बंद ठेवला.

२ ऑक्टो.

दसरा. मंगलकडून सोनं वाटायला भाचा आला. ती नाही. तो म्हणतो, आई प्रॅक्टिस करी ऱ्हायनी. मायनी त्याच्यासोबत डबा दिला आणि मला म्हणाल्या, चिठ्ठी टाकाले ऊनी नही तुले? आता ह्या वयात चिठ्ठ्या! पण टाकली. फक्त "खेळायला ये" एवढंच.

९ ऑक्टो.

विभागीयचे गट लागले. आमची पहिलीच मॅच दोंडाईचाशी. रफिकभाई वर बघून म्हणाले, "वा मालिक."

तिकडच्या सरांनी आज र. ला परस्पर विचारलं म्हणे. स्पर्धेनंतरही आमचं दार उघडं आहे, दिवाळीपर्यंत कळव. ते तिने मला येऊन सांगितलं. काय कळवणार, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

११ ऑक्टो.

आज मॅच. सावकाश लिहिते, नाहीतर सगळं एकमेकांत मिसळेल.

मंगल टाकत होती तिकडून, र. इकडून. मंगलचा वेग गेलाय, पण चेंडू हवा तिथेच पडतो. आमच्या पोरी बॅट फिरवून फिरवून दमल्या. मी स्वतः दोनदा बाद, तिच्याच त्या खाली बसणाऱ्या चेंडूवर. धरायला वर्षानुवर्षं धरला, मारायची वेळ कधी आली नव्हती. दुसऱ्यांदा परत जाताना ती हसली. दोन महिन्यांनी हसली.

र. आधी घाबरलेली. पहिल्या डावात चेंडू माझ्या डोक्यावरून, बाजूने, सगळीकडून. त्यांचे दोन रन फुकट. मग मी जाऊन तिच्या हातात चेंडू ठेवला आणि म्हटलं, कुठेही टाक, मी आहे. त्यानंतर आत यायला लागले. आमचेही दोन झाले. बरोबरी.

शेवटच्या डावात मंगल बॅट घेऊन आली. मी प्लेटमागे बसलेली, ती हातभर अंतरावर. घामाचा आणि तिच्या त्या खोबरेल तेलाचा वास. मधल्या सगळ्या दिवसांनंतर आम्ही पहिल्यांदा एवढ्या जवळ.

"अंगठा बरा शे का?" समोर बघतच विचारलं तिने.

"बरा शे. गुडघा?"

"गुडघाले काय व्हस."

पहिला चेंडू र. ने हळू टाकला. सरळ, गोड, आंदण दिल्यासारखा. मंगलने बॅट हलवलीसुद्धा नाही. अंपायरने स्ट्राइक दिला; असे तीन झाले की बाद. ती रेषेबाहेर गेली आणि र. कडे बघून भर मैदानात ओरडली, "ए पोर! माले भीक देऊ नको! जोरमा टाक!"

र. ने टाकला. असा चेंडू तिने आजवर टाकलाच नव्हता. मिटमधून कळ कोपरापर्यंत गेली. मंगल बॅट फिरवून चुकली आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे एवढाले. "दखं का?" म्हणाली. जणू तिचीच पोर.

दोन स्ट्राइक. एक राहिला, आणि परतीचा पाऊस कोसळला. अंपायरने हात वर केले. उद्या सकाळी इथूनच पुढे. मंगल बॅटवर, र. टाकणार, मी धरणार.

त्यांचा संघ शाळेच्या हॉलमध्ये उतरलाय, पण मंगल आमच्याकडे जेवायला आली. ओल्या कपड्यांनी तशीच आत येऊन मायच्या मांडीवर डोकं टाकलं. माय तिचे केस पुसत होत्या आणि मला म्हणाल्या, "भरीत झाया का वं?" दोन महिन्यांत पहिल्यांदा साध्या आवाजात.

जेवायला आम्ही चौघी गोल बसलो. कोणी उद्याचा विषय काढेना. र. सरळ स्वभावाची. घास हातात धरून मला म्हणाली, "मॅडम, उद्या पहिला कुठला टाकू?"

मंगल भाकरी मोडत होती. थांबली.

अंगावर आत येणारा, गुडघ्याच्या उंचीचा. तो तिला कधीच मारता आला नाही. कॉलेजात नाही, आत्ताही नाही. हे जगात फक्त मला माहीत आहे, कारण नेटमध्ये मीच तिला तो टाकून टाकून सराव द्यायची, आणि ती हरली की माझ्यावर चिडायची. आणि आता तर तो गुडघा दुखतो आहे.

"सांग ना तिले," मंगल म्हणाली. माझ्याकडे न बघता, वांग्याचं देठ ताटाच्या कडेला ठेवत. "कॅचर शे ना तू तिनी."

मी म्हटलं, सकाळी सांगते. र. ने मान हलवली आणि जेवायला लागली. मंगलने माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली, न विचारता.

पाऊस थांबलाय. उद्या मॅच होणार.